कोलिश : पट सोडला, खेळ नाही

आमच्या राजपुऱ्यात संध्याकाळी ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडला, की बघणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "याने काय पोट भरणार आहे?" मराठी साहित्य घेतल्यापासून मीही हेच ऐकतेय. घरचे म्हणतात, बँकेची परीक्षा दे. म्हणून या वेळी पटावरून उठून खरोखरच बँकेत गेलेल्या माणसाचं चरित्र अभ्यासायला घेतलं.

खेळाडू

इग्नाझ कोलिशचा जन्म ६ एप्रिल १८३७ रोजी प्रेसबर्ग शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर म्हणजे आजचं ब्राटिस्लाव्हा. त्या काळी बुद्धिबळपटूला पगार वगैरे काही नसे. कॅफेत पैज लावून खेळायचं, बक्षीस मिळालं तर मिळालं. १८६१ मध्ये लंडनला तो अव्वल जर्मन खेळाडू अँडरसनशी भिडला. विचार करण्याच्या वेळेला मर्यादा म्हणून तिथे वाळूची घड्याळं ठेवली होती. कोलिश हरला, पण अगदी थोडक्यात.

१८६७ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी मोठी स्पर्धा भरली. १३ खेळाडू होते, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोन डाव खेळायचे. कोलिश पहिला आला, विनावर दुसरा आणि स्टाइनिट्झ तिसरा.

बँकर

तेव्हा कोलिश फक्त तीस वर्षांचा होता. पण त्यानंतर लवकरच त्याने स्पर्धा खेळणं सोडलं. बुद्धिबळाची आवड असलेल्या रॉथशिल्ड घराण्याशी त्याची ओळख होती. त्यांच्या मदतीने तो बँकिंगमध्ये शिरला आणि श्रीमंत झाला. १८८१ मध्ये त्याला बॅरन हा किताब मिळाला. त्याने व्हिएन्नात एक दैनिकही चालवलं आणि त्यात 'इदेका' या टोपणनावाने लेखन केलं. आपल्या मंडळात तो नक्की शोभला असता!

देणारा हात

खेळणं सोडलं तरी बुद्धिबळाशी असलेलं नातं त्याने तोडलं नाही. १८७० च्या बाडेन-बाडेन स्पर्धेच्या आयोजनात तो पुढे होता. व्हिएन्नातल्या १८७३ आणि १८८२ च्या स्पर्धांना त्याने पैसा दिला. १८७३ च्या मे महिन्यात तिथला शेअर बाजार कोसळला होता, तरी जुलैमध्ये स्पर्धा झालीच. ती जिंकली कुणी? स्टाइनिट्झने! म्हणजे ज्याला पॅरिसमध्ये मागे टाकलं, त्याच्याच यशासाठी कोलिशने पट मांडून दिला.

दोन वाटा

स्टाइनिट्झ शेवटपर्यंत खेळत राहिला. १८८६ मध्ये तो जगज्जेता झाला. डाव सावकाश, पायाभक्कम करत कसा रचायचा, याचं त्याने मांडलेलं शास्त्र आजही शिकवलं जातं. पण १९०० मध्ये न्यूयॉर्कला तो वारला तेव्हा कंगाल होता. बॅरन कोलिश ३० एप्रिल १८८९ ला व्हिएन्नात वारला. त्याचे डाव आज अभ्यासकांनाच ठाऊक असतात.

कोण शहाणा? सुरुवातीला मला एकाची बाजू घ्यायची होती, आता घेता येत नाही. सगळेच कोलिशसारखे उठून गेले असते, तर खेळाचं शास्त्र कुणी घडवलं असतं? आणि उठून गेलेल्यांनी मागे वळून पाहिलंच नसतं, तर स्टाइनिट्झ खेळला कुठे असता?

बँकेचा फॉर्म मी भरलाय. नोकरी लागली, तर पहिल्या पगारातून या अंकासाठी काहीतरी द्यायचं ठरवलंय. पण लिहिणं थांबवून नुसतं देत राहणं मला पुरेल का, हे अजून कळलेलं नाही.

चर्चेसाठी : तुमच्या घरात कुणी आपली कला सोडून नोकरी धरली का? त्या कलेशी त्यांचं आज काय नातं आहे? त्यांनाच विचारा आणि पुढच्या बैठकीत सांगा.