वडिलांच्या रकान्यात माझा भाऊ

माझ्या मुलीच्या जन्म दाखल्यावर वडील म्हणून माझ्या सख्ख्या भावाचं नाव आलं होतं. ते काढून घ्यायला मला वर्षाहून जास्त काळ लागला. त्या काळात दवाखान्याने, नगरपरिषदेने आणि रांगेत उभ्या असलेल्या फुकटच्या सल्लागारांनी मला जे ऐकवलं ते मी विसरलेले नाही, विसरायचंही नाही.

मी लग्न केलेलं नाही. मुलीच्या बापाचं नाव कुठेही लावायचं नाही हे बाळ पोटात असतानाच ठरवलं होतं, आणि त्याची कारणं माझी मला पुरेशी आहेत. बाळंतपणाला दादा-वहिनी सोबत होते. दाखल करताना दादाने अर्ज भरला, सही केली, बिलासाठी स्वतःचं आधार कार्ड दिलं. ‘नाते’ या शब्दापुढे त्याने ‘भाऊ’ असं स्पष्ट लिहिलं. छापील अर्जात ‘पतीचे नाव’ असाही रकाना होता, तो त्याने कोरा सोडला. पुढे जन्माचा अहवाल पाठवणाऱ्या माणसाने सही करणाऱ्याचं नाव पाहिलं, आडनाव एकच पाहिलं, आणि मला एका शब्दाने न विचारता आम्हा बहीण-भावाला नवरा-बायको करून टाकलं.

हे मला कळलं ते बारशानंतर. जन्माची नोंद बाळाच्या नावाशिवाय होते. नाव मागाहून घालता येतं, वर्षाच्या आत विनाशुल्क आणि नंतर विलंब शुल्क भरून. त्यासाठी मी नगरपरिषदेच्या खिडकीवर गेले. आतल्या बाईंनी संगणकावर नोंद काढून मोठ्याने वाचली. आईचं नाव बरोबर होतं. मग वडिलांचं नाव म्हणून त्यांनी दादाचं नाव वाचलं आणि मान वर न करता विचारलं, “मिस्टर नाही आले?”

“ते माझे भाऊ आहेत,” मी म्हणाले.

त्यांचा हात थांबला. पडद्यावरची नजर माझ्यावर आली, मग कडेवरच्या मुलीवर. माझ्या मागची कुजबुज बंद झाली. “मग वडील कोण?” त्यांनी तितक्याच मोठ्याने विचारलं. मी म्हटलं, वडिलांचं नाव लावायचं नाही, हे चुकीचं आलेलं फक्त काढा. त्यावर उत्तर आलं, “असं कसं? एक काढायचं तर दुसरं द्यावं लागेल. बाप नाही असं मूल असतं का?”

मी पडद्याकडे बोट दाखवलं. माझ्या नावात मधलं नाव आमच्या वडिलांचं. दादाच्या नावातही मधलं नाव आमच्याच वडिलांचं. नवरा-बायकोचं मधलं नाव एकच कसं असेल? बायकोच्या नावामागे नवऱ्याचं नाव लागतं, सासऱ्याचं नाही, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. चूक नोंदीतच दिसत होती. अहवाल भरणाऱ्याला, तपासणाऱ्याला, दाखला छापणाऱ्याला ती दिसली नाही. बाईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, “कोर्टाची ऑर्डर आणा.”

दवाखान्यात तर आणखी वाईट झालं. व्यवस्थापक म्हणाले, तुम्ही सांगितलं तेच आम्ही लिहिलं. दादाने विचारलं, मी ‘भाऊ’ लिहिलंय तो अर्ज दाखवा. अर्ज सापडत नव्हता. मग त्यांनी समजुतीच्या सुरात जे म्हटलं ते अजून माझ्या कानात आहे: “राहू द्या ना ताई. घरचंच नाव आहे. पोरीला नाव तरी मिळालं.” दादाचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्याला दोन मुलं आहेत. त्या दाखल्याचा अर्थ उद्या कोणी काय लावेल, वारसाच्या कागदांत काय निघेल, गावात काय बोललं जाईल, याची त्या माणसाला काही फिकीर नव्हती. माझ्या मुलीला मामा आहे. त्याला तिचा बाप करायचा अधिकार दवाखान्याला कोणी दिला?

बाहेर एक एजंट भेटलाच. जुनं विसरा, घरी जन्म झाला असं दाखवून दुसऱ्या गावात नवीन नोंद करून देतो म्हणाला. कोणीही याला बळी पडू नका. एका मुलाच्या दोन नोंदी झाल्या की पुढे दोन्हींवर संशय येतो, आणि खोटी माहिती दिल्याचा ठपका आईवर बसतो.

आता ज्यांना यातून जायचं आहे त्यांच्यासाठी.

पहिलं म्हणजे, कायदा वाचा. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 मधलं कलम 15 चुकीच्या नोंदीच्या दुरुस्तीबद्दलच आहे. नोंद चुकीची आहे याची खात्री पटली तर निबंधक स्वतः ती दुरुस्त करू शकतो. मूळ नोंद खोडली जात नाही. समासात दुरुस्तीची नोंद होते, तारीख आणि सही पडते. मजकुरातच चूक असेल तर प्रकरण माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचं निवेदन लागतं. माझ्यासाठी ते वहिनीने आणि आमच्या वस्तीतल्या आशाताईंनी दिलं. प्रसूतीच्या वेळी हजर असलेल्या आणि सगळं ठाऊक असलेल्या सिस्टरांनी मात्र नोकरीचं कारण सांगून हात वर केले. वहिनीबद्दल एवढंच सांगते: तिच्या नवऱ्याचं नाव त्या रकान्यात होतं आणि ती माझ्याआधी भांडायला उभी राहिली.

दुसरं, रकाना कोरा ठेवता येत नाही असं कोणी म्हणालं तर 6 जुलै 2015 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समोर ठेवा. अविवाहित किंवा एकट्या आईने स्वतःच्या पोटच्या मुलाचा जन्म दाखला मागितला तर तिच्याकडून फक्त शपथपत्र घ्यावं आणि दाखला द्यावा, न्यायालयाचा उलट आदेश नसेल तर, असं त्यात म्हटलं आहे. मी त्याची प्रत अर्जाला जोडली. सरकारी कार्यालयात द्यायच्या शपथपत्राचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात 2004 पासून माफ आहे, तरी माझ्याकडून स्टॅम्प पेपर मागितलाच गेला.

तिसरं, आणि माझं काम याच्यामुळेच झालं: दवाखान्याच्या कागदांची लेखी मागणी करा. रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यायचे, असं डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाच्या 2002 च्या नियमांत आहे. तेच नियम कागद तीन वर्षं जपायला सांगतात, म्हणून उशीर करू नका. नियमाचा हवाला देऊन, पोच घेऊन अर्ज दिल्यावर ‘न सापडणारा’ दाखल अर्ज सापडला. त्यावर दादाच्या अक्षरात ‘भाऊ’. दवाखान्याने नगरपरिषदेला पाठवलेल्या जन्म अहवालाची प्रत मी माहितीच्या अधिकारात काढली. त्यात तेच नाव ‘वडील’. दोन कागद शेजारी ठेवल्यावर चूक कोणाची, हा प्रश्नच उरला नाही.

खिडकीवर तोंडी बोलून वेळ घालवू नका. नकार लेखी मागा. कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीनंतर निबंधकाच्या आदेशाविरुद्ध 30 दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येतं, आणि अपिलाला कागद लागतो. मी लेखी नकार मागितला तेव्हाच निबंधक साहेबांनी मला पहिल्यांदा खुर्ची दिली.

धीर धरा, फाईल नीट ठेवा, सोबत कोणाला तरी न्या. हे सगळेच सांगतात, मीही सांगते.

माझं ऐकून काही बायका विचारायला येतात, की नवरा दारू पितो, मुलाकडे बघत नाही, त्याचं नाव काढता येईल का? त्यांना मी खोटी आशा दाखवत नाही. लग्न चालू असताना झालेलं मूल कायदा नवऱ्याचंच धरतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2025 मध्ये अशाच एका आईची मागणी फेटाळली आणि तिला पाच हजार रुपयांचा दंडही केला. मुलाच्या जन्मनोंदीवर आई-बापांपैकी कोणालाच हक्क सांगता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. मला तो दंड कठोर वाटतो. पण माझं प्रकरण वेगळं होतं, माझ्याकडे चुकीची नोंद होती. दुसऱ्या नवऱ्याचं नाव परस्पर घालायचा घाटही घालू नका. त्याला रीतसर दत्तकविधान लागतं.

दाखल्याला एवढं महत्त्व का देते, असं मला घरातूनही विचारलं गेलं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळेच्या प्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मतारखेसाठी हाच कागद द्यावा लागतो. माझी मुलगी त्यानंतरची आहे. पासपोर्टला 2016 च्या बदलापासून आई-वडिलांपैकी एकाचं नाव चालतं, पण दाखल्यावर मामा बाप म्हणून बसला असता तर तिथेही मला उत्तरं देत बसावं लागलं असतं.

म्हणून बाळंतपणाला जाणाऱ्या प्रत्येकीला, लग्न झालेलं असो वा नसो, माझं सांगणं आहे: घरी जाण्याआधी जन्म अहवाल मागून वाचा. अहवाल पाठवायला दवाखान्याला 21 दिवस असतात. तो आत असतानाची चूक एका ओळीत सुटते, बाहेर गेल्यावरची सुटायला काय लागतं ते वर लिहिलं आहे. नातेवाइकाचं आधार कार्ड दिलंत तर झेरॉक्सवर नातं आणि कारण लिहून सही करा.

सुधारित दाखला आला आहे. वडिलांचा रकाना कोरा आहे, दादा पुन्हा मामा झाला आहे. दवाखान्याने माफी मागितलेली नाही. ‘पतीचे नाव’ हा रकाना बदलून ‘सोबतच्या नातेवाइकाचे नाव व नाते’ असा एकच करा, आणि वडिलांचं नाव आईला विचारून, तिची सही घेऊनच भरा, असं मी त्यांना लेखी कळवलं. पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही. गेल्या महिन्यात आमच्या शेजारची मुलगी तिथेच बाळंत झाली. अर्ज तोच होता.