सुमिको कुरिशिमा : मूकपटातला एक चेहरा

फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मध्ये तारामतीची भूमिका साळुंके यांनी केली, हे आपण जाणतो. जपानी पडद्यावरही आरंभी हीच रीत होती. काबुकी परंपरेतले स्त्रीपार्टी नटच तेथे नायिका होत, आणि ही प्रथा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत रेंगाळली. हारुमी हानायागीने १९१९ मध्ये नायिका रंगवली होती खरी. पण प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली ती सुमिको कुरिशिमा.

तिचा जन्म १९०२ चा, तोकियोतला. घरात नाटक होते, नृत्याचे शिक्षणही लहानपणापासूनचे. शोचिकु कंपनीने १९२० मध्ये कामाता येथे स्टुडिओ उघडला. १९२१ मध्ये हेन्री कोतानी या दिग्दर्शकाच्या ‘गुबिजिन्सो’ने सुमिको प्रकाशात आली. पुढे दिग्दर्शक योशिनोबु इकेदा यांच्याशी तिचा विवाह झाला व त्यांच्या अनेक चित्रपटांत ती नायिका होती.

जपानी मूकपट मात्र खऱ्या अर्थाने मुका नव्हता. पडद्याशेजारी बसून ‘बेन्शी’ कथा सांगे, पात्रांचे संवादही म्हणे. म्हणजे पडद्यावर स्त्री आली, तरी तिचा आवाज बहुधा पुरुषाचाच! मग नटीच्या हाती उरले काय?

याचे उत्तर मिकिओ नारुसेच्या ‘योगोतो नो युमे’ (१९३३) मध्ये सापडते. सुमिको येथे ओमित्सु आहे. बंदराजवळच्या बारमध्ये काम करून मुलाला वाढवणारी. सोडून गेलेला नवरा परत येतो, पण त्याला काम मिळत नाही. मुलाला मोटारीचा धक्का बसतो, उपचारासाठी बाप चोरी करतो आणि शेवटी पाण्यात जीव देतो. कथानक भडक आहे, हे मान्य करावे लागेल. पण नवऱ्याची चिठ्ठी वाचून ओमित्सु रडत बसत नाही. ती चिठ्ठी फाडते, त्याला भ्याड म्हणते. दुःखाआधी संताप उमटतो, आणि तो कोणत्याही बेन्शीच्या शब्दांवाचून कळतो. सोशिक नायिकेची सवय झालेल्या आपल्यासारख्यांना हा क्षण दचकवतो.

त्यात नवरा झालेला तात्सुओ साइतो ओझूच्या १९३७ मधल्या बोलपटात पुन्हा तिचा नवरा झाला. या खेपेस धाकात राहणारा प्राध्यापक! त्यानंतर सुमिकोने चित्रपट सोडून नृत्याला वाहून घेतले. नारुसेच्याच ‘नागारेरु’ (१९५६) साठी ती एकदा परतली. तिच्यामागून कामातात आलेली किनुयो तानाका त्यात मोलकरीण आहे, तर सुमिको गेइशांच्या जगातली मुरलेली, गोड बोलून आपला डाव साधणारी वडीलधारी बाई.

१९८७ मध्ये ती वारली. तिचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. ‘योगोतो नो युमे’ मात्र पाहता येतो.