आधी जुन्या कॉम्प्युटरचं झाकण उघडा

शहापूर-मुरबाडच्या आईबाबांनो,

पोरगं गेमिंग कॉम्प्युटर मागतं, आकडा ऐकून आपण गप्प होतो. भात विकून आलेले पैसे आधीच फी आणि खतात वाटले गेलेले असतात. मग आपण म्हणतो, ‘घरात आहे ना एक, तोच चालव!’ तो चालत नाही, अडकतो, हे पोराचं म्हणणंही खरंच असतं.

नाही म्हणण्याआधी एका रविवारी वायर काढून, पोराला शेजारी बसवून त्या डब्याचं झाकण उघडा. आपल्याकडे चार महिने ओल, पुढे उन्हाळाभर धूळ. पंख्यात धुळीचा थर बसला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. ब्रशने ती धूळ काढा, वाळलेली थर्मल पेस्ट बदला. अर्धी तक्रार तिथेच मिटू शकते.

मग जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी लावा. फिरत्या तबकडीची हार्डडिस्क सेकंदाला साधारण शंभर एमबी वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास. रॅम चार जीबी असेल तर आठ करा. जुनी डीडीआर३ सेकंड हँड मिळते. पण पोराला खरं सांगा: एसएसडीने गेम लवकर उघडेल, पडद्यावरचं चित्र गुळगुळीत होणार नाही. त्यासाठी ग्राफिक्स कार्डच लागतं.

इथे मी चुकलो. मुलाच्या आनंदापायी सेकंड हँड कार्ड आणलं आणि जुन्या, हलक्या एसएमपीएसवरच (वीज पुरवणाऱ्या डब्यावरच) लावलं. चार दिवसांत जळका वास आला, मदरबोर्डही गेला. त्याचा उतरलेला चेहरा अजून आठवतो. म्हणून कार्ड घेण्याआधी एसएमपीएस चांगला घ्या. जीटी १०३० सारख्या कार्डाचं ३० वॅटवर भागतं, ते वेगळी वायर मागत नाही. नवे भारी गेम त्यावर धावणार नाहीत, जुने आणि हलके छान चालतील.

खरेदीला पोराला सोबत न्या. आसनगावहून लोकलने किंवा मुरबाडहून एसटीने कल्याण गाठून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाता येतं. सेकंड हँड वस्तू डोळ्यांसमोर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणखी एक. विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि बऱ्याच जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. अशा कॉम्प्युटरवर गेम खेळू द्या, बँकेचे व्यवहार मात्र करू नका. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केले आहेत. पोराला हे धाकाने नको, शेजारी बसून सांगा. कॉम्प्युटर आतल्या खोलीत न ठेवता घरच्यांची ये-जा असते तिथे ठेवला, की हे बोलणं आपोआप होतं.

शेवटी विजेचं. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घराच्या अर्थिंगमध्ये दोष असू शकतो. त्यात आपल्याकडे वादळी पावसात लाइट दहा वेळा जाते-येते. कार्डाचे पैसे पुढच्या वर्षी जमवा, पण यंदाचा पाऊस लागण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या आणि एक यूपीएस बसवा.