धूम्रपानाचे दोन आलेख : ब्रिटन आणि भारत

धूम्रपानाविषयी डॉक्टरांना नव्याने काय सांगावयाचे, असा प्रश्न कोणासही पडेल. तथापि ब्रिटन आणि भारत या दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते, आणि ती आपल्या दवाखान्याशी थेट निगडित आहे.

रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला, तेव्हा ब्रिटनमधील बहुसंख्य पुरुष धूम्रपान करीत असत. १९५१ मध्ये या दोघांनी तेथील डॉक्टरांनाच स्वतःच्या सवयीविषयी प्रश्नावली पाठविली. पन्नास वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. धूम्रपान चालूच ठेवणाऱ्या डॉक्टरांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटले. पन्नाशीत सोडणाऱ्यांनी त्यातील सुमारे सहा वर्षे वाचविली, तर तिशीत सोडणाऱ्यांनी जवळजवळ सर्वच. दरम्यान १९६२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा अहवाल आला, १९६५ मध्ये दूरचित्रवाणीवरील सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या आणि २००७ पर्यंत बंदिस्त सार्वजनिक जागांतील धूम्रपानास संपूर्ण देशात मनाई झाली. १९७४ मध्ये धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ४५ टक्के होते. २०२३ मध्ये ते सुमारे १२ टक्क्यांवर आले.

आता आपला आलेख पाहू. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात २००९-१० मध्ये १४ टक्के, तर २०१६-१७ मध्ये १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करीत होते. हा आकडा ब्रिटनपेक्षाही कमी दिसतो. परंतु येथेच फसगत होते. एक तर आपल्याकडे सिगारेटपेक्षा विडी अधिक ओढली जाते आणि तिचा धूर सिगारेटपेक्षा सौम्य नाही. दुसरे म्हणजे, २१.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखूचे सेवन करीत होते. दोन्ही प्रकार मिळून हे प्रमाण २८.६ टक्के भरते. महाराष्ट्रात तर धूम्रपान चार टक्क्यांहून कमी, आणि तंबाखू-चुना, मिश्री, गुटखा यांचे सेवन मात्र २४ टक्क्यांच्या घरात! गौलीगुडा-काचिगुडा परिसरात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांनी मराठवाड्यातून वा सोलापुराकडून भाषेबरोबर मिश्रीची डबीही आणली. ती ओढली जात नसल्यामुळे ‘व्यसन’ या सदरात तिची गणना होत नाही.

बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने या दोन्ही सवयींचे बळी लहान मुलेच ठरतात. २०१६-१७ मध्ये ३८.७ टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याच्या धुराचा उपद्रव होत होता. त्या घरांतील मुलेही हीच हवा घेतात. दमा, न्यूमोनिया, वारंवार कान फुटणे यांच्याशी त्याचा संबंध प्रस्थापित झालेला आहे. धूररहित तंबाखूही गर्भापर्यंत पोहोचते. मुंबईतील १,२१७ गर्भवतींच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तंबाखू सेवन करणाऱ्या मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले.

सर्वांत विचार करावयास लावणारा आकडा मात्र आपल्याविषयी आहे. त्याच सर्वेक्षणात, वर्षभरात आरोग्यसेवकाकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी केवळ ४८.८ टक्क्यांना आणि धूररहित तंबाखू सेवन करणाऱ्यांपैकी ३१.७ टक्क्यांनाच ती सोडण्याचा सल्ला मिळाला होता. कायदा, कर व चित्रमय इशारे ही शासनाची कामे होत. विचारणे हे आपले काम आहे.

त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. घरात कोणी विडी-सिगारेट ओढते काय? कोणी तंबाखू, गुटखा खाते वा मिश्री लावते काय? सोडण्याची इच्छा आहे काय? उत्तर होकारार्थी असल्यास १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक लिहून द्यावा. मिश्रीचा प्रश्न आजीबाईंना आणि गर्भवतीला आदराने, पण नाव घेऊन विचारावा. ‘व्यसन आहे का?’ असे विचारल्यास उत्तर ‘नाही’ असेच येईल.

ब्रिटनमध्ये पहिली प्रश्नावली डॉक्टरांच्या घरी गेली होती. आपणही हे प्रश्न प्रथम आपल्या घरी विचारावेत आणि मग केसपेपरवर त्यांच्यासाठी एक ओळ कायमची राखून ठेवावी.