पिंगळा : त्याची राहणी व शेतीस उपयोग

घुबडांच्या जातींपैकीं आमराईंत, गांवकुसाच्या चिंचेवर व शेताच्या बांधावर नित्य आढळणारी जात म्हणजे पिंगळा होय. हा साळुंकीहून किंचित् लहान, सुमारें ८ इंच लांबीचा व अंगानें बसका असतो. पाठ करडी-तपकिरी असून तीवर पांढरे ठिपके, भिवया पांढऱ्या व डोळे पिवळे. डोळे खोबणींत फिरत नसल्यामुळें त्यास सबंध मान वळवून पाहावें लागतें. मनुष्य जवळ गेला असतां तो टक लावून डोकें खालींवर करतो.

दिवसां जोडपें ढोलींत अगर दाट फांद्यांत बसतें व दिवेलागणीस कर्कश ओरडत बाहेर पडतें. खांबावर किंवा वठलेल्या फांदीवर बसून पिंगळा टेहळणी करतो व भक्ष्य दिसतांच झेपावतो. भुंगेरे, पतंग, नाकतोडे, रातकिडे, विंचू, पाली व लहान उंदीर हें त्याचें खाद्य. न पचलेलीं हाडें, केस व किड्यांचीं कवचें यांच्या गोळ्या तो तोंडावाटे टाकतो. झाडाखालीं अशी गोळी सांपडल्यास फोडून पाहावी. त्याच्या कामाचा पुरावा हातीं येतो. त्याच्यामुळें सर्व कीड नाहींशी होते असें नव्हे. परंतु शेतकऱ्याचा भार तो खात्रीनें हलका करतो.

माघ ते चैत्र या सुमारास मादी ढोलींत ३ किंवा ४ पांढरीं, वाटोळीं अंडीं घालते. पिलांस नर व मादी दोघेंहि चारा आणतात. मात्र ढोली कोरण्याचें सामर्थ्य त्यांच्या चोंचींत नाहीं. निकामी समजून जुना आंबा किंवा चिंच तोडली, कीं तें बिऱ्हाड उठलेंच. याचा भाऊबंद रानपिंगळा १८८४ नंतर शतकाहून अधिक काळ खात्रीनें कोणास आढळला नव्हता. १९९७ सालीं तो शहाद्याजवळच्या रानांत पुनः दिसला. आज विपुल असलेला पक्षी सदैव विपुल राहीलच असें नाहीं, हा यांतील बोध.

पिंगळ्याच्या ओरडण्यास अशुभ मानून त्यास दगड मारणें हें अज्ञान होय; तो जोडीदारास हांक देत असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याची शिकारहि मना आहे. तरी बांधावरील ढोलीचें एखादें झाड राखावें. उंदरांस विष घातल्यास मेलेले उंदीर रोज वेंचून पुरावे, कारण ते खाऊन घुबडेंहि मरतात. एवढें केल्यास हा राखणदार कांहीं न मागतां शेतावर राहील.