न झालेल्या सभेचे इतिवृत्त

प्रश्न : ज्यू समाजातील ज्येष्ठांनी गुप्त सभा घेऊन जगावर राज्य करण्याचा बेत आखला, त्या सभेची म्हणून सांगितली जाणारी इतिवृत्ते वाचनात आली. ती खरी मानावीत का? बनावट असतील, तर ते कसे कळले?

उत्तर : मुळीच मानू नयेत. अशी सभा कधी भरलीच नव्हती. हा मजकूर पहिल्यांदा छापला गेला तो १९०३ साली, सेंट पीटर्सबर्गच्या ‘झ्नाम्या’ या वृत्तपत्रात. संपादक होता पावेल क्रुशेव्हान. त्याच वर्षी एप्रिलमध्ये किशिनेव्ह शहरात ज्यूंची कत्तल झाली, तिच्याआधी तिथल्या लोकांची माथी भडकवणारा हाच. १९०५ मध्ये सर्गेई निलुस याने हा मजकूर आपल्या धार्मिक पुस्तकात घेतला आणि तिथून तो जगभर गेला. मूळ लेखक कोण, हे आजवर सिद्ध झालेले नाही. त्याने चोरी कुठून केली, ते मात्र पुरते सिद्ध झाले आहे.

चोरी पकडली फिलिप ग्रेव्हज यांनी. ते लंडनच्या ‘टाइम्स’चे इस्तंबूलमधील वार्ताहर. क्रांतीनंतर रशिया सोडून आलेल्या एका गृहस्थाने त्यांच्या हाती एक जुने फ्रेंच पुस्तक ठेवले. शीर्षकाचे पान फाटलेले. ते निघाले मोरीस जोली या वकिलाचे, १८६४ सालचे. नरकात मॅकियाव्हेली आणि माँतेस्क्यू यांची गाठ पडते आणि दोघे वाद घालतात, अशी त्याची रचना. रोख सगळा तिसऱ्या नेपोलियनच्या हुकूमशाहीवर. त्यापायी जोलीला पंधरा महिन्यांची कैद झाली. ज्यूंच्या कटाचा त्यात मागमूसही नाही. बनावटखोराने मॅकियाव्हेलीची वाक्ये उचलली आणि ज्यू ज्येष्ठांच्या तोंडी घातली.

ग्रेव्हज यांनी दोन्ही मजकूर शेजारी शेजारी छापले. त्यांतली एक जागा आपल्या वाचकांच्या चटकन लक्षात येईल. वृत्तपत्रे मुठीत ठेवण्याची युक्ती सांगताना जोलीचा मॅकियाव्हेली त्यांना शंभर हातांच्या विष्णूची उपमा देतो. आपला विष्णू चतुर्भुज; हे शंभर हात त्या पॅरिसच्या वकिलाच्या कल्पनेतले. तेच शंभर हात घेऊन विष्णू या तथाकथित इतिवृत्तांतही हजर आहे! दोघांना स्वतंत्रपणे एकच चूक सुचावी, हे कसे शक्य आहे? असे दीडशेहून अधिक उतारे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले.

ग्रेव्हज यांचे लेख ऑगस्ट १९२१ मध्ये आले. विशेष म्हणजे त्याआधी वर्षभर याच ‘टाइम्स’ने या मजकुराची गंभीरपणे दखल घेतली होती, आता चूक दुरुस्तही त्यानेच केली. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या साप्ताहिकाने या बनावटीवर लेखमाला चालवली होती. त्यांना १९२७ मध्ये जाहीर माफी मागावी लागली. १९३५ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न येथील न्यायाधीशांनीही हा मजकूर बनावट आणि चोरीचा ठरवला.

एवढे होऊनही नाझींनी तो वापरलाच. मजकूर बनावट असावा, असे गोबेल्सने १९२४ मध्ये आपल्या रोजनिशीत लिहिले होते. त्यातले ‘आंतरिक सत्य’ मात्र आपल्याला पटते, असेही त्याने लिहिले. या युक्तिवादापासून सावध राहा. कागद खोटा ठरल्यावरही ‘पण आशय खरा आहे’ असे सांगणारे आजही भेटतात. त्यांना जोलीचे नाव सांगा आणि दोन्ही पुस्तके समोर ठेवून वाचायला लावा.