तेराव्याच्या पुस्तिकेत न मावलेली आई

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की तेराव्याला आलेल्यांच्या हातात एक छोटी पुस्तिका द्यायची, ही पद्धत आता आमच्या माण तालुक्यातही रुळली आहे. आई गेली तेव्हा आम्हीही छापली. वर हार घातलेला फोटो, आत मुलं, सुना, नातवंडं यांचे एकेक परिच्छेद. प्रुफं माझ्याकडे आली. प्रेमळ, कष्टाळू, सोशिक, त्यागमूर्ती. फोटो आणि नाव झाकलं, तर गावातल्या कुठल्याही आजीच्या तेराव्याला ती खपली असती. सुतकाच्या दिवसांत, पाहुण्यांच्या पंगती आणि मंडपवाल्याचे फोन सांभाळत, दुसरं काही लिहून होणंही कठीण. म्हणून पहिली गोष्ट ही सांगतो की घाई करू नका. तेराव्याला फोटो पुरतो. लिहायचं ते वर्षश्राद्धाला लिहा आणि मधले महिने माणसांना गाठण्यात घालवा. आई हयात असेल तर मग थांबूच नका.

आमच्या पुस्तिकेत जन्मतारीख होती १ जानेवारी. आधार कार्डावर तीच आहे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांच्या नावापुढे फार वेळा हीच तारीख दिसते, आणि सालही अंदाजाचंच. ‘तुझा जन्म कधीचा?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. पण संकटांची साल-तारीख पक्की असते. आमच्या भागात ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप विचारावा. त्या पहाटे कडेवर कोण होतं, पोटात कोण होतं, हे बायकांना नेमकं आठवतं. पुण्यात पानशेत विचारा, १२ जुलै १९६१. लातूर-धाराशिवकडे किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३. मावशी सहज म्हणाली, “ती ट्राममधी बसली हुती की ममईत.” मुंबईतली शेवटची ट्राम बोरीबंदर ते दादर धावली ती ३१ मार्च १९६४ ला. म्हणजे आई त्याआधी मुंबईला जाऊन आली होती, आणि हे आम्हा भावंडांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

त्या मुंबईबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. वडील गिरणीत, लालबागला. गाळ्यातल्या खोलीत गावचीच माणसं, जेवण खानावळीत. आई गावी, सासूसासरे आणि शेत सांभाळत. पुस्तिकेत याला आम्ही त्याग म्हटलं होतं. मावशीनं सांगितलं ते वेगळंच. लग्नानंतर आई नवऱ्यामागे मुंबईला गेली होती, तिला तिथेच राहायचं होतं. दिवाळीच्या तोंडावर सासू आजारी असल्याचा निरोप आला, तिला परत आणलं, आणि मग कुणी पुन्हा विषयच काढला नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर वडील गावी परतले. तेव्हा कुठे दोघांचा सलग संसार झाला. तोवर मोठा भाऊ मिसरूड फुटलेला. तिनं केलं ते थोरच होतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. आईविषयी लिहिताना त्याग हा शब्द लेखणीवर आला की तिला विचारलं होतं का, हे आधी शोधा. सापडेल ते लिहा, वडिलांना बरं वाटणार नसलं तरी.

विचारण्याचीही एक रीत आहे. पुतण्याच्या लग्नात कुणीतरी आईसमोर कॅमेरा धरला होता. ती पदर सारखा करून ताठ उभी राहते, म्हणते, “समदं बरं झालं, आता काय.” बस्स. उलट शेजारच्या काकू शेंगा फोडत बसल्या होत्या, मीही सुपाशी बसलो, फोन रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवला (त्यांना सांगून; चोरून नको) आणि दुष्काळ विचारला. १९७२ सालचा. त्या आणि आई एकाच कामावर होत्या, पाझर तलावाच्या. खडी फोडताना बोटाला चिंधी कशी बांधायची, लाल मिलोची भाकरी थापताना कशी फुटायची, सुकडी पोरांसाठी पदरात कशी आणायची, मुकादमाला आईनं काय सुनावलं. शिवी जशीच्या तशी सांगितली. हात कामात असले की बायका बोलतात. जात्यावर तेच होत असे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आणि त्यात गाणारणीचं नाव, तिचं गाव नोंदवलं. मला ओव्यांइतकीच ती नोंद मोलाची वाटते. तुम्हीही रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला नाव, गाव, तारीख बोलून घ्या. ती फाइल फोनखेरीज आणखी दोन ठिकाणी ठेवा. फोन पाण्यात पडतात.

नाव म्हणताना माहेरचं नावही. लग्नात बदललं की ते फक्त भावांच्या तोंडात उरतं, आणि भाऊ गेले की संपतं. आमच्या पुस्तिकेत ते नव्हतंच. जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीनं, डावीकडून उजवीकडे, कोण कोण ते लिहा. बॉलपेन पुढून उमटतं. पदार्थांचं मात्र आई असतानाच करायला हवं. तिचा येसूर ‘अंदाजानं’ व्हायचा. वहिनीला तो येतो, कारण तिनं एकदा आईच्या मुठीखाली वजनकाटा धरला होता. आई चिडली होती म्हणे.

घराबाहेरच्यांना विसरू नका. बांगड्या भरणारी, भिशीतल्या बाया, पीठगिरणीवाला. नातवंडांना आजी म्हणजे खाऊ आणि गोष्टी, आम्हाला तिचा लाटण्याचा मार आठवतो, आणि गिरणीवाला म्हणाला, हिशेबात तिच्याइतकं चोख कुणी नव्हतं, दोनदा त्याचीच चूक दाखवली. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (पहिला भाग १९३४) आजही ताजी वाटतात. नवराबायकोची भांडणं, नवऱ्याची आणि स्वतःची खोड त्यांनी झाकली नाही. आम्ही आईची मिसरी झाकली होती. पन्नास वर्षं जिनं रोज सकाळी मिसरी लावून मगच तोंडातून शब्द काढला, त्या बाईच्या पुस्तिकेत मिसरी नाही!

आता पुस्तिका नाही, वही केली आहे. उजव्या पानावर मजकूर, डावं पान कोरं, ज्याला जे पटत नाही त्यानं तिथे लिहावं. वही घरोघर फिरते. थोरल्या काकांनी ट्रामच्या समोर ‘खोटं’ एवढंच लिहून सही केली आहे. आत्यानं नातीकडून लिहून घेतलं आहे की मुकादमाला ती शिवी आईनं नव्हे, आपण दिली होती, आणि हे दुरुस्त केल्याशिवाय वही पुढच्या घरी जाणार नाही.